मदत हवी आहे: एअर फ्रायरमधले डोनट वरून कडक होतात

यीस्ट घालून, अंड्याशिवाय डोनट करते आहे. प्रमाण असं: मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध १४० मिली, लोणी ४० ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, चिमूटभर मीठ. पीठ चांगलं ताणलं जाईपर्यंत मळते, दुप्पट फुगू देते, कापल्यावर पुन्हा अर्धा तास झाकून ठेवते. फुगण्यात काहीच अडचण नाही, आतून जाळीही सुरेख पडते.

पण १८० अंशांवर ६ मिनिटांत वरचा पापुद्रा पावासारखा कडक होतो आणि गार झाल्यावर आणखी चिवट. तापमान १६० केलं तर रंगच येत नाही, वेळ वाढवावा लागतो आणि डोनट आतूनही सुकतात. आधी-नंतर लोणी लावून पाहिलं, फ्रायर आधी तापवूनही पाहिला. बास्केट लहान आहे, एका वेळी तीनच ठेवते, त्यामुळे गर्दीचा प्रश्न नसावा. तळायचे नाहीत आणि अंडंही चालणार नाही. तळलेल्या डोनटची चव हुबेहूब यावी असा हट्ट नाही, मऊपणा मात्र हवाच.

अंड्याशिवाय करणाऱ्यांनी कृपया सांगा: दूध किंवा लोणी वाढवायचं का, आणि किती? की पीठ ठीक आहे आणि तापमान-वेळेचंच गणित बदलायला हवं?