कोळसा 'फेज डाउन' आणि 'फेज आउट' : मराठीत दोन वेगळे शब्द हवेत

उपशीर्षकवाली :
मंडळी, एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय आणि एका जागी अडकलेय. दृश्य ग्लासगोचं, १३ नोव्हेंबर २०२१. हवामान परिषद आदल्या दिवशीच संपायला हवी होती, ती लांबलीय. मसुद्यात कोळशावरची वीज 'फेज आउट' करण्याचं कलम आहे. भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव म्हणतात, तिथे 'फेज डाउन' घाला. एका शब्दाचा फरक. काही देश जाहीर नाराजी बोलून दाखवतात, बदल मात्र मान्य होतो आणि अध्यक्ष आलोक शर्मा माफी मागताना त्यांचा गळा दाटून येतो.

आता मी लिहिणार 'टप्प्याटप्प्याने बंद करणे' आणि 'टप्प्याटप्प्याने कमी करणे'. पडद्यावर एका ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात. त्यातली निम्मी 'टप्प्याटप्प्याने' खातं आणि दोन्हीकडे तेच असल्यामुळे बघणाऱ्याला कळतच नाही की हा माणूस रडवेला का झालाय! दोन शब्द शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरला पाहिजे. सुचवा.

नीरक्षीर :
'निर्मूलन' आणि 'न्यूनीकरण'. संपला प्रश्न.

उपशीर्षकवाली :
संपला नाही हो. निर्मूलन म्हटलं की मला देवीचा रोग आणि अंधश्रद्धाच आठवतात. आणि न्यूनीकरण आजवर कुणाच्या तोंडून ऐकलंय का तुम्ही?

थर्मलवाले काका :
चंद्रपूरच्या वीज केंद्रात उभी नोकरी गेली माझी, म्हणून बोलतो. आमच्याकडे 'युनिट'ला कागदावर 'संच' म्हणतात. 'संच बंद पडला' म्हणजे ट्रिप झाला, संध्याकाळपर्यंत सुरू होईल. 'संच बंद ठेवला' म्हणजे देखभाल, नाहीतर मागणी नाही, नाहीतर कोळसाच आला नाही. आणि २१० मेगावॅटचे जुने पहिले दोन संच गेले, त्यांना आम्ही 'मोडीत काढले' म्हणतो. मोडीत गेलेलं परत येत नाही. ताई, तुमचं 'फेज आउट' ते हेच. नुसतं 'बंद' लिहाल तर आमच्या ऊर्जानगरातला माणूस विचारेल, पुन्हा कधी लाइटअप करणार?

'डाउन'ला आम्ही लोड उतरवणे म्हणतो. संच चालूच असतो, पाचशे मेगावॅटवरून तीनशेवर आणला, इतकंच.

उपशीर्षकवाली :
काका, 'मोडीत काढणे' आणि 'उतरवत नेणे'! सात-आठ अक्षरांत काम झालं. धन्यवाद.

राइनकाठ :
जर्मनीतून लिहितोय. इथे कोळसा सोडण्याला 'कोलेआउसश्टीग' म्हणतात. २०२० मध्ये त्याचा कायदाच झाला, उशिरात उशिरा २०३८ ही मुदत. गंमत म्हणजे 'आउसश्टीग' हा शब्द मी रोज गाडीत ऐकतो. स्टेशन आलं की घोषणा होते, आउसश्टीग डावीकडे. म्हणजे उतरण्याची बाजू डावी! तेव्हा जर्मन माणूस कोळशातून 'उतरतो', जसा गाडीतून. अणुऊर्जेतून ते १५ एप्रिल २०२३ ला उतरले.

आणि इथेच घोळ आहे. काकांच्या 'उतरवणे'त लोड उतरतो पण माणूस गाडीतच असतो. इथल्या 'उतरणे'त माणूस फलाटावर. एकच मराठी धातू दोन्ही अर्थ पेलतो. म्हणून ओळीत 'कोळसा उतरवणे' असं मोघम लिहू नका, 'कोळशाचा वापर उतरवत नेणे' असं पूर्ण लिहा.

नीरक्षीर :
बरं, माझं न्यूनीकरण मागे घेतो. पण सगळे जण भारतालाच दोष देत सुटतात म्हणून एक नोंद. हा 'डाउन' यादवांनी आयत्या वेळी शोधून काढलेला नाही. तीनच दिवस आधी, १० नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीनचं संयुक्त निवेदन आलं, त्यात चीनच्या कोळशासाठी हाच शब्द होता. शिवाय ग्लासगोच्या अंतिम वाक्यात 'आउट' पूर्ण गेलेला नाही. कोळशाला 'डाउन' आणि जीवाश्म इंधनांवरच्या अकार्यक्षम अनुदानांना 'आउट', असं दोन्ही एकाच वाक्यात आहे. उपशीर्षकात ते वाक्य येत असेल तर दोन वेगळी क्रियापदं लागतीलच.

उपशीर्षकवाली :
येतंय, आणि त्यात 'अनअबेटेड' पण आहे. मी 'धूर न अडवता जाळलेला कोळसा' केलंय.

थर्मलवाले काका :
धूर नको. चिमणीआधी आम्ही राख पकडतो, गंधकासाठीही वेगळी यंत्रणा असते, तरी तो कोळसा 'अनअबेटेड'च. प्रश्न कार्बन डायऑक्साइडचा आहे आणि तो दिसत नाही. 'कार्बन न रोखता' लिहा.

उपशीर्षकवाली :
बदललं. आता मोठा शब्द, 'एनर्जी ट्रान्झिशन'. सगळीकडे 'ऊर्जा संक्रमण' दिसतं. मला ते वाचून अजून मास्क लावावासा वाटतो.

नीरक्षीर :
तो २०२० नंतर, करोनाच्या हिंदी बातम्यांत संसर्गाला 'संक्रमण' म्हणत, त्यामुळे झालेला गोंधळ. आपल्याकडे रोगाला 'संसर्ग' होताच की. संक्रमण म्हणजे ओलांडून पुढे जाणं, सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो तसं. शब्दाचा काय दोष? एवढंच की उद्या कुणीतरी मथळा देणार, 'कोळशावर संक्रांत', आणि तो चुकीचाही नसेल.

राइनकाठ :
मला 'ऊर्जापालट' आवडतो. हवापालट, पिकांची फेरपालट, त्याच घरातला. आणि खांदेपालट आठवून बघा. पालखी खाली ठेवत नाहीत. चालता चालता एक खांदा निघतो, दुसरा लागतो. वीजही एक क्षण खाली ठेवता येत नाही.

थर्मलवाले काका :
पालखीचं ठीक. पण ज्याचा खांदा निघाला त्याचं पुढे काय, तेही शब्दात यायला हवं.

उपशीर्षकवाली :
काका, तोच पुढचा प्रश्न. ग्लासगोलाच दक्षिण आफ्रिकेसाठी ८.५ अब्ज डॉलरची 'जस्ट एनर्जी ट्रान्झिशन' भागीदारी जाहीर झाली. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघ देणारे. पुढे इंडोनेशिया आणि व्हिएतनामशीही तसेच करार झाले, आणि २०२५ मध्ये अमेरिका या सगळ्यातून बाहेर पडली. यंत्राने 'जस्ट'चं भाषांतर दिलं 'फक्त ऊर्जा संक्रमण'. मी 'न्याय्य' केलं, पण पडद्यावर तो 'य'ला जोडलेला अर्धा 'य' दिसत नाही आणि लोक 'न्याय' वाचतात.

थर्मलवाले काका :
तिकडे दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात कोमाटी नावाचं कोळशावरचं जुनं केंद्र २०२२ च्या ऑक्टोबरात बंद केलं. कायम नोकरीवाल्याची बदली होते. ठेकेदाराकडचा कामगार, राखेच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, गेटसमोरची टपरी, यांना बदली नसते. 'न्याय्य' म्हटलं की कोर्ट डोळ्यापुढे येतं. आम्ही म्हणू, 'कुणाला वाऱ्यावर न सोडता'.

नीरक्षीर :
पवनऊर्जेच्या माहितीपटात 'वाऱ्यावर न सोडता'! काका, हे मी वापरणार.

राइनकाठ :
दुबईचं राहिलं. २०२३ च्या हवामान परिषदेत एकूण जीवाश्म इंधनांसाठी 'आउट' नाही, 'डाउन' नाही, 'ट्रान्झिशनिंग अवे' आलं. त्याच वर्षी जुलैत गोव्यात जी-२० चे ऊर्जामंत्री जमले होते, तिथे जीवाश्म इंधनं कमी करण्यावर एकमत झालं नव्हतं. मग दुबईत हा तिसरा शब्द. 'पासून दूर जाणे' बरोबर आहे, पण मिळमिळीत.

नीरक्षीर :
'काढता पाय घेणे'. जायचंय, पण यजमानाला कळू द्यायचं नाही. आणि यजमान तेलवाला देश!

उपशीर्षकवाली :
हसले, पण घालणार नाही. 'दूर सरकणे' ठेवते. शेवटचं एकच : गुरुग्राममध्ये मुख्यालय असलेली ती सौरऊर्जेची आंतरराष्ट्रीय संघटना, 'इंटरनॅशनल सोलर अलायन्स', २०१५ मध्ये पॅरिसला सुरू झालेली. 'सौर आघाडी' की 'सौर युती'?

थर्मलवाले काका :
महाराष्ट्रात दाखवणार ना? मग दोन्ही नको. लोक विचारतील, मुख्यमंत्री कोण.