नॉर्मन बेटावरील सागरी गुहा : पोहता न येणाऱ्या ज्येष्ठांना पाहता येतील का?

नमस्कार. कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सपैकी नॉर्मन या निर्मनुष्य बेटावर येत्या फेब्रुवारीत आईवडिलांसह जाण्याचा आमचा विचार असून, तेथे जाऊन आलेल्या सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

या बेटाचे आकर्षण वडिलांना १७५० सालच्या घटनेमुळे वाटते. वादळात सापडलेल्या ‘ग्वादालूपे’ या स्पॅनिश जहाजावरील चांदीची नाणी ओवेन लॉइड नावाच्या खलाशाने उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरून पळवून या बेटावर पुरली आणि बातमी फुटताच शेजारच्या टॉर्टोला बेटावरील लोकांनी ती खणून काढली. चाच्यांच्या इतर गोष्टी मला रंगवलेल्या वाटतात. ही मात्र इतिहासात नोंदलेली आहे.

खरी अडचण गुहांची आहे. ट्रेझर पॉइंट येथील या गुहांची तोंडे थेट समुद्रात उघडतात आणि आत जायचे ते स्नॉर्केल (पाण्यात तोंड बुडवून श्वास घेण्याची नळी) लावून, पोहतच. वडिलांना पोहता येत नाही, पण पाण्याची भीती नाही. लाइफ जॅकेट घालून, वाटाड्याच्या आधाराने त्यांना निदान गुहेच्या तोंडापर्यंत नेता येईल का, की छोट्या होडीतून बाहेरूनच पाहणे शहाणपणाचे ठरेल? फेब्रुवारीत उत्तरेकडून येणाऱ्या लाटांचा तेथे कितपत त्रास होतो, आणि आतील रंगीत खडक दिसण्यासाठी सकाळचा प्रकाश चांगला की दुपारचा?

तसेच, टॉर्टोलाहून एका दिवसाची सहल ज्येष्ठांना झेपण्यासारखी असते का, हेही कृपया सांगावे.