सेफ्टी डोअर आणि आतला दरवाजा : हॅलिगन घ्यावे की साधी सब्बल पुरे?

प्रश्न : सोसायटी सचिव, मनीषनगर

एप्रिलमधील अग्निशमन सेवा सप्ताहाच्या प्रात्यक्षिकात जवानांनी बंद दरवाजा उघडताना कुऱ्हाडीच्या जोडीला हॅलिगन नावाचे हत्यार वापरलेले आम्ही पाहिले. आमच्या इमारतीत प्रत्येक सदनिकेला बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दरवाजा आहे. सोसायटीने असे एक हत्यार विकत घ्यावे, असा प्रस्ताव सभेत आला. त्यावर काही सभासदांचे म्हणणे पडले की, बांधकामाच्या वेळची सब्बल गच्चीवर पडून आहे, तीच चालेल. जाणकारांनी दोहोंतील फरक सांगावा, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त अग्निशामक, सिव्हिल लाइन्स

सब्बल ही सरळ तरफ आहे. ती टेकवायला आधी फट असावी लागते, आणि बंद दरवाजाशी खरी अडचण फटीचीच असते. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातील अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी १९४८ च्या सुमारास जे हत्यार तयार केले, त्याच्या एका टोकाला दुबेळके आहे, तर दुसऱ्या टोकाला वाकसासारखे आडवे पाते आणि त्याला काटकोनात अणकुचीदार टोक आहे. लांबी साधारण ७६ सेंटीमीटर, वजन चार ते पाच किलो. एक जण ते धरतो आणि दुसरा सपाट पाठीच्या कुऱ्हाडीने त्यावर ठोकतो, म्हणून ही दोन हत्यारे नेहमी जोडीनेच नेली जातात.

आपले सेफ्टी डोअर बहुधा बाहेर उघडते. त्यासाठी वाकसासारखे पाते कुलपाजवळ दार आणि चौकट यांच्यामध्ये ठोकून बसवतात व दांडा दारापासून दूर खेचतात. पाते पाच सेंटीमीटर आत गेले असेल, तर घर्षण सोडून हाताचा जोर सुमारे पंधरा पट होतो. आतला दरवाजा आत उघडतो. तिथे दुबेळके चौकटीच्या कडेपलीकडे जाईपर्यंत ठोकायचे आणि मग दांडा दाराकडे ढकलायचा. हे अरुंद जिन्यात, धुरात, गुडघ्यांवर बसून करावे लागते. वरच्या बाजूस टॉवर बोल्ट लावलेला असेल, तर कुलपाजवळ कितीही जोर लावला तरी दार वरून अडून राहते आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागते.

एवढे सारे करण्याआधी मूठ फिरवून पाहावी, हे मात्र शिकाऊ जवान हटकून विसरतात.

उत्तर २ : फॅब्रिकेशन व्यवसाय, हिंगणा

खरेदी करायचीच असेल, तर टोके वेल्डिंगने जोडलेले स्वस्त हत्यार घेऊ नये. घणाचे घाव नेमके सांध्यावर बसतात आणि सांधा तिथेच सुटतो. एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेले हत्यार महाग पडते, पण टिकते. तुमची सब्बल कुलपाच्या कोयंड्यासाठी चालेल, कारण तिथे मुळातच मोकळी जागा असते. दुकानाच्या शटरला मात्र दोन्ही निरुपयोगी समजा. तिथे डिस्क कटरच लागतो.

सचिव : आभारी आहे. मग रहिवाशांनी जवान येईपर्यंत दरवाजा उघडण्याचा प्रयत्न करावा का?

उत्तर ३ : निवृत्त अग्निशामक, सिव्हिल लाइन्स

आत आग असेल, तर अजिबात करू नये. दरवाजा उघडताच बाहेरची हवा आत शिरते आणि धुमसणारी आग क्षणात भडकते. त्यामुळे आम्ही पाण्याने भरलेला होज हाताशी असल्याशिवाय दार मोकळे करत नाही, आणि उघडल्यावरही ते दोरीने धरून ठेवतो. माझे मत विचाराल, तर हॅलिगनचे पैसे वाचवून सोसायटीने दोन गोष्टी कराव्यात. बाहेरगावी जाणाऱ्यांनी जादा किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी, आणि एका तरी खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप बसवून घ्यावी. त्या खिडकीत कूलर बसवू नये. नागपुरात मार्चपासून कूलर खिडक्यांत येतात आणि शिडी लावून वर गेलेल्या जवानाला ग्रिलआधी कूलर, त्याचा लोखंडी स्टँड व पाण्याची नळी यांच्याशी झगडावे लागते. वीज चालू असेल, तर ओल्या कूलरवर लोखंडी हत्यार चालवणेही धोक्याचे असते. म्हणून १०१ वर फोन करतानाच इमारतीची मेन लाइन कुठून बंद करायची, हे ज्याला ठाऊक आहे त्याला खाली फाटकापाशी उभे करावे.