फोटोतल्या पोट्ट्यांच्या डोक्यावर फेटा नीट बसून नाही राहिला (पायथन)

पऱ्हाटीवाला:
राजेहो, तान्ह्या पोळ्याले आम्ही गावात लाकडी बैल घेऊन आलेल्या पोट्ट्यांचे फोटो काढतो, यंदा म्हटलं पोट्ट्यांले फेटा न पोरींले नथ कोडनंच लावू. ॲप नाही पायजे, मंडपात नेटची बोंब हाय आन लोकांच्या लेकरांचे फोटो कुठल्या सर्व्हरवर कायले पाठवायचे. ओपनसीव्ही (फोटोवर काम करायची लायब्ररी) न मीडियापाइपचं फेस मेश (चेहऱ्यावर नंबर दिलेले बिंदू शोधणारं मॉडेल) वापरून राहिलो. चेहरा सापडते, पण फेट्याभोवती काळा चौकोन येते, मान वाकडी असली की फेटा उलट्याच बाजूले झुकते, आन पाच जण उभे असले तरी फेटा एकालेच. पुतण्या म्हणे, काका हा सरपंच हाय का?

संत्राबर्फी:
चौकोनाचं सोपं हाय. ओपनसीव्हीचं फोटो वाचायचं फंक्शन, आयएमरीड, मुळात पीएनजीचा चौथा चॅनेल, म्हणजे कुठं किती आरपार दिसावं ते सांगणारा अल्फा, टाकून देते. त्याले आयएमरीड_अनचेंज्ड दे, मग अल्फाले २५५ नं भाग आन फेटा गुणिले अल्फा अधिक फोटो गुणिले (१ वजा अल्फा). सरपंचाचं म्हणशील तर मॅक्स_नम_फेसेस (जास्तीत जास्त किती चेहरे शोधायचे) न सांगता १ च असते, १० कर. स्टॅटिक_इमेज_मोड पण ट्रू ठेव भाऊ, नाहीतर ते व्हिडिओ समजून मागच्या फोटोतल्या जागेवर चेहरा शोधत बसते.

वावरातला_कोडर:
झुकण्याचं मी सांगतो, माझे दोन दिवस याच्यातच गेले. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे म्हणजे मेशचे ३३ न २६३ नंबरचे बिंदू, त्यांच्यावरून कोन काढ. पण मेश आकडे ० ते १ मधे देते, आधी फोटोच्या रुंदी-उंचीनं गुण, नाहीतर उभ्या फोटोत कोन चुकतेच. आन फोटोत वाय (उभा आकडा) खाली वाढते, चित्र फिरवायचं गेटरोटेशनमॅट्रिक्स२डी मात्र प्लस कोन म्हणजे घड्याळाच्या उलटं धरते, म्हणून मायनस लाव, तुझा फेटा तिथंच फसून राहिला.
फेट्याची रुंदी चेहऱ्याच्या दोन कडांच्या २३४ ते ४५४ बिंदूंच्या अंतरावरून घे, मी दीडपट घेतो. खालची कड १० नंबरवर, तो कपाळाचा वरचा बिंदू. ४६८ बिंदू कपाळापाशीच संपतात, केस त्यात नाहीत, म्हणून डोकं फोटोच्या कडेले चिकटलं असलं की फेटा बाहेर जाते न एरर येते. आधी कॉपीमेकबॉर्डरनं वर जागा वाढव.

पऱ्हाटीवाला:
जमलं बावा!! मायनस लावला न फेटा सरळ. पण नथ उजव्या नाकपुडीत गेली, आमची आजी स्क्रीनकडे पाहून म्हणे, हे कोन्या गावची रीत?

संत्राबर्फी:
😂 तू फोटोतली डावी बाजू धरली असशील. पोरगी समोर पाहून राहिली ना, तिची डावी आपल्याले उजवीकडे दिसते.

झुणका_स्क्रिप्ट:
बैलाले बाशिंग लावता येईन का याच्यानं?

वावरातला_कोडर:
नाही बे, ते माणसाच्या तोंडावर शिकलेलं हाय. लाकडी बैलाले खरंच बाशिंग बांध न, दहा मिनिटाचं काम.