मदत हवी आहे: किपच्या मुद्राचित्रातलं चॅट्सवर्थ कितपत खरं?

इंग्लंडातल्या सरदारांचे वाडे दाखवणाऱ्या मुद्राचित्रांवर (तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांवर) वर्गात दहा मिनिटं बोलायचंय. क्नाइफची रेखाटनं, किपचं कोरीवकाम, १७०७ चा 'ब्रिटानिया इलस्ट्राटा' हा संग्रह. त्यातलं डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ घेतलंय. घारीच्या नजरेतून दिसणारा वाडा, समोर आखीव वाफे, मागे टेकडीवरून उतरणारा धबधबा. मालक म्हणजे पहिले ड्यूक ऑफ डेव्हनशायर. थोडक्यात, 'बघा, नजर पोचेल तिथवर आमचंच'. एवढं माझ्याही लक्षात आलंय!

अडलंय पुढे. अशा चित्रांत कधीकधी नुसत्या योजलेल्या बागाही पुऱ्या झाल्यासारख्या दाखवत, म्हणे. उपग्रह नकाशाशी ताडून पाहिलं. धबधबा सापडला, पण १७६० च्या दशकात केपॅबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने परिसर पालटला, त्यामुळे वाफ्यांचा पत्ता नाही. मोठ्या रिझोल्यूशनची प्रत आहे, ती झूम करून झाली. प्रत्यक्ष जाणं शक्य नाही, वाचन फक्त इंग्रजी-मराठी.

मालकाच्या प्रतिष्ठेसाठी वाढवून काढलेला भाग ओळखायला त्या काळची कोणती कागदपत्रं ताडून बघतात: इस्टेटीचे नकाशे, माळ्यांचे हिशेब, की प्रवाशांच्या रोजनिश्या? आणि यातलं घरबसल्या ऑनलाइन काय बघता येईल?