जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवलाय का कुणी? अनुभव लिहा

गोदाकाठ
काल माळ्यावरून २०१३ चा लॅपटॉप काढला. बाबांनी कापसाच्या पैशातून घेऊन दिलेला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. औरंगाबादहून एसटीत आणताना बाबांनी तो उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता, पाथरीपर्यंत हात काढला नाही.

बटण दाबलं अन् हार्ड डिस्कची तीच जुनी कुरकुर. विंडोज उघडायला साडेचार मिनिटं, घड्याळ लावून मोजली. भंगारात द्यायचा विचार होता, पण बाबा म्हणाले, "बंद कुठं पडलाय?" मग हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीचा एसएसडी आणला, म्हणजे फिरती चकती नसलेली चिपवाली डिस्क. साटा, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जोडणीचा. मागचे ११ स्क्रू काढले, कुंथलगिरीच्या पेढ्याच्या डब्याच्या झाकणात ज्या जागेचे त्या जागी मांडले, कारण डीव्हीडीखालचे दोन आखूड असतात. डिस्क आधी बाजूला सरकवायची, एकदम वर उचलली तर कनेक्टर तुटतो. जुनी ९.५ मिमी जाड, नवी ७, त्यामुळं खाली पोकळी राहिली. घरातल्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून घातला.

आता २२ सेकंदांत उघडतो. अन् आवाज काहीच नाही. पहिल्यांदा वाटलं चालूच झाला नाही.

औंढ्याचा मास्तर
आमच्या शाळेचा बी असाच केला. शाळांच्या सरकारी सरल पोर्टलवर माहिती भरताना एक पान उघडेपर्यंत चौथीचा एक पाढा म्हणून व्हायचा पोरांचा. आता पोरंच म्हणतात सर लवकर झालं आज.

बालाघाट
पुठ्ठा नका ठेवू हो, पावसाळ्यात दमट होतो. बऱ्याच एसएसडीच्या खोक्यात काळी प्लास्टिकची चौकट येते, ती याच कामाची असते. लोक खोक्यासगट फेकून देतात.

गोदाकाठ
खोकं बघतो. धन्यवाद दादा.

मांजरापट्टा
कुंथलगिरीचा पेढा म्हणलात अन् सगळं वाचायचं राहिलं. खरपूस खव्याचाच ना? आमच्याकडं आता त्या नावानं काहीबी विकतेत.

बालाघाट
तिथं जाऊनच आणायचा. घाटात दोन-तीन जुनी दुकानं आहेत.

रेणापूरची लेक
हात लावायच्या आधी माझं ऐका. २०१९ ला भावानं क्लोन करायला घेतलं, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं. रात्रीचे बारा, लाईट येऊन जाऊन. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या, स्क्रीनवर सारख्याच दिसायल्या. नवी आधीच फॉरमॅट करून ठेवलेली. सोर्सच्या जागी ती निवडली अन् टार्गेटला जुनी. कोरं जुन्यावर चढलं.

येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात काढलेले आईचे फोटो होते त्यात. कडब्याच्या खोपीपुढं उभी, हातात अंबिलाचा बिंदगा. त्यानंतर चार महिन्यांत आई गेली. एक फोटो मावशीच्या व्हॉट्सॲपवर मिळाला, तो बी धूसर. भाऊ अजून त्या विषयावर बोलत नाही, अन् मी बी काढत नाही.

औंढ्याचा मास्तर
ताई, फार वाईट वाटलं वाचून. भावाला दोष देऊ नका, त्यानं घरासाठीच केलं.

रेणापूरची लेक
नाही देत सर. म्हणून तर लिहिलं. फोटो आधी तिसऱ्या ठिकाणी ठेवा, पेनड्राइव्ह नाहीतर दुसरा संगणक. अन् डिस्कवरच्या लेबलचा सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्या, स्क्रीनवरचा त्याच्याशी जुळवा, मगच पुढचं बटण.

उमरीचा पोऱ्या
एमपीएससीची तयारी करायलोय. रॅम बी वाढवा सोबत, ४ चे ८ जीबी. पण बघून घ्या, त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. मी साधी १.५ वाली आणली, स्क्रीन काळीच राहिली. दुकानदारानं बदलून दिली नाही. नांदेडला दोन चकरा, तिकिटाचेच पैसे गेले. आता अभ्यासाच्या पीडीएफ पटापट उघडतात.

मांजरापट्टा
परीक्षा कधी आहे रे? नीट अभ्यास कर, इकडं कमी ये.

उमरीचा पोऱ्या
हाव काका 🙏

सेवाकेंद्रवाली
गिऱ्हाईक बसलंय, पटकन लिहिते. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी दारात चाळीस माणसं अन् लॅपटॉप गोल गोल फिरायलेला, ते दिवस आठवले. एसएसडीनं ते दुखणं गेलं. पण बॅटरी मेलेली असेल तर लाईट गेल्यावर लॅपटॉप तसाच बंद पडतो, अन् चालू कामात करंट तुटला की एसएसडीवरचं बी खराब होऊ शकतं. मी आधी बॅटरी बदलली. आणखी एक, हार्ड डिस्क बऱ्याचदा मरायच्या आधी कुरकुर करून सांगते. एसएसडीचं बऱ्याचदा काही कळत नाही, एका दिवशी गप. अन् गेलेलं परत काढणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड. येते मग.

औंढ्याचा मास्तर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, अन् इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. २०१३ चा त्यात बसत नाही. आम्ही विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं. काम सगळं ब्राउझरमध्येच असतं, मराठी टायपिंग बी होतं. पोरांना फरक कळला सुद्धा नाही.

बालाघाट
जुनी डिस्क फेकली नाही ना? २.५ इंची यूएसबी कव्हरात घाला, बाहेरची डिस्क म्हणून चालती. पण ती कपाटात ठेवली म्हणजे सगळं जपलं असं समजू नका, जुनीच आहे ती.

गोदाकाठ
आजच कव्हर आणलं. २०१४ च्या गारपिटीचे फोटो निघाले त्यात. आमचा हरभरा आडवा झालेला, बांधावर गारांचा ढीग, अन् बाबा गोणपाट डोक्यावर घेऊन उभे. कुणी काढला आठवत नाही. बाबांना दाखवला. चष्मा पुसून परत बघितला, मग म्हणाले ती विहिरीपलीकडची पट्टी आहे. बराच वेळ लॅपटॉप त्यांच्याच पुढं होता.

रेणापूरची लेक
कॉपी काढली का त्याची?

गोदाकाठ
काढायलोय ताई. ४१ टक्के झालंय.