लाकडी खिडकीने खरंच ऊर्जा वाचते की ती नुसती हौस?

कडीकोयंडा
घर बांधताना खिडक्या लाकडीच घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या सुमारे हजारपट सहज वाहते. तशी चौकट बसवायची आणि मग घर तापतंय, गारठतंय म्हणून यंत्रं चालवायची, हा कुठला हिशेब? लाकडी चौकट, दुहेरी काच, विषय संपला. पटत नसेल त्यांनी कारण द्यावं.

तिरकी_रेघ
विषय संपला कसा? खिडकीत चौकट साधारण चौथा हिस्सा, बाकी काचच. एकेरी काचेचा यू-व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जाणारे वॅट, ५.८ च्या आसपास असतो. साध्या दुहेरी काचेचा २.८. काचेवर लो-ई, म्हणजे उष्णता परत फिरवणारा पातळ लेप आणि मधल्या पोकळीत आर्गॉन वायू असेल तर १.१ पर्यंत उतरतो. तुमच्या ‘दुहेरी काच’ या दोन शब्दांत २.८ पण बसतो आणि १.१ पण! लोक लाकडावर हात सैल सोडतात आणि काचेत काटकसर करतात. शिवाय यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकटही लाकडाच्या तोडीस तोड असते, तिचं नावच नाही.

कडीकोयंडा
बरं, तुमचेच आकडे घेऊ. चौकट पाव भाग. लाकडाचा यू १.५, साध्या अ‍ॅल्युमिनियमचा ६ धरा. १.१ ची काच लावली तर लाकडी खिडकी १.२ वर येते, अ‍ॅल्युमिनियमची २.३ वर. जवळजवळ दुप्पट! काच जितकी चांगली, तितकी चौकट महत्त्वाची.

तिरकी_रेघ
टक्क्यांची जादू आहे ही. एकेरी काच लावून हाच हिशेब करा: ४.७ आणि ५.८. फरक तेव्हाही १.१ चा आणि आताही १.१ चाच. काच बदलून मात्र साडेतीन वाचतात. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत आत-बाहेरच्या भागांमध्ये पॉलिअमाइडची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकची पट्टी घातलेली मिळते. तिने तुमचा ६ पार निम्म्याखाली येतो.

कडीकोयंडा
वॅटचं मान्य. पण थंडीत बिनपट्टीच्या धातूच्या चौकटीला आतून पाणी सुटतं, त्यावर बुरशी धरते. ते यू-व्हॅल्यूच्या आकड्यात दिसत नाही.

ऊनसावली
दोघंही थंडीचंच बोलताय. उन्हाचा मारा असेल तिथे काचेतून किती सूर्यउष्णता आत येते तो आकडा आधी बघा, यू नंतर. आणि सावली बाहेरून हवी. पडदा आत लावला तर ऊन काच ओलांडून आधीच घरात आलेलं असतं. एवढंच.

रंधा
सुतारकामातला आहे म्हणून बोलतो. आकडे चाचणीच्या बाकावरचे असतात, खिडकी भिंतीत असते. लाकूड ओलं वापरलं की झडप पीळ धरते, गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी पट्टी, एका कोपऱ्यात टेकतच नाही आणि तिथून वारा शिरतो. मग काच १.१ ची असो नाही तर सोन्याची. घेताना विचारा: लाकूड वाळवून किती ओलाव्यावर आणलंय? १२ टक्क्यांच्या आसपास हवं. चौकटीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या अखंड की थर चिकटवून केलेल्या? थरांच्या सहसा कमी वाकतात. सालीलगतचा पांढरा भाग आलाय का? तो आधी कुजतो. खालच्या पट्टीच्या पोटाला पाणी तोडणारी खाच आहे का? आणि चौकट-भिंतीमधली फट. ती नुसत्या सिमेंटने बुजवणारे बघितले की माझा जीव जातो. पुढेमागे तिथे भेग पडतेच.

तिरकी_रेघ
म्हणजे रंग, पॉलिश, दुरुस्ती आयुष्यभर गळ्यात! यूपीव्हीसीला हे काही नाही.

रंधा
यूपीव्हीसीचा कोपरा तडकला तर अख्खी चौकट काढावी लागते. लाकडाचा कुजलेला तुकडा कापून नवा जोडता येतो. दुहेरी काचेची कड सुटून आत धुकं धरलं की पट्टी काढून फक्त काच बदलायची. पण दादा, ऊनपावसाच्या बाजूला छज्जा नसेल आणि रंगाचा कंटाळा असेल, तर मीच सांगतो, लाकूड घेऊ नका. नाही तर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचं आवरण असलेली लाकडी खिडकी घ्या.

कडीकोयंडा
ते आवरण लाकडाला चिकटून बसवतात का?

रंधा
नाही. मागे हवा खेळायला जागा ठेवतात. चिकटवलं तर आत ओल अडकते.